सहा ट्यूबांची यादी, बदललेली एक: गिटार ॲम्पच्या प्रीॲम्पचं एक प्रकरण

ॲम्प दोन चॅनेलचा, रिव्हर्ब (घुमणारा पडसाद) आणि ट्रेमोलो (आवाजाची लयीत वरखाली) असलेला, एका बारा इंची स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. ताकद २२ वॉटच्या आसपास. आतली आखणी फेंडरने १९६३ साली आणलेल्या एबी७६३ सर्किटवर बेतलेली. ती आखणी इतकी गाजली की आजही अनेक कारागीर तिच्यावरून ॲम्प बांधतात, आणि हा त्यातलाच एक, हाताने वायरिंग केलेला. मालक बँडमध्ये वाजवणारा तरुण गिटारवादक. माझ्याकडे दुरुस्तीला आणलेल्या ॲम्पबरोबर त्याने एक यादीही आणली होती. प्रीॲम्पच्या, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या, सहाच्या सहा ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्या) बदलायच्या, आणि त्यातल्या चार साठच्या दशकातल्या टेलिफुंकन किंवा मुलार्ड या जुन्या युरोपी कंपन्यांच्या हव्यात.

"दादा, सगळ्या एकदम बदलून टाकू. आवाजच बिघडलाय याचा."

"बिघडलाय म्हणजे नेमकं काय होतंय ते सांग आधी. यादी मग बघू."

त्याने सांगितलं त्यातून तीन गोष्टी निघाल्या. दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे रिव्हर्बवाल्या चॅनेलवर, जाड तार जोरात वाजवली की सुराच्या मागे काचेवर टिचकी मारल्यासारखा 'टिंऽऽ' आवाज रेंगाळतो. दुसरं, वाजवणं थांबवलं तरी स्पीकरमधून मधूनमधून चरचर येते. तिसरं, व्हॉल्यूम तीनच्या पुढे नेला की आवाज फाटायला लागतो, आणि त्याला पाचपर्यंत क्लीन, म्हणजे न फाटलेला, हवा आहे.

या तिन्हींचं मूळ एकच आहे असं त्याने धरलं होतं: ट्यूब म्हाताऱ्या झाल्या. ट्यूबच्या ॲम्पबद्दल हा समज फार पसरलेला आहे. पॉवर ट्यूब, म्हणजे शेवटी स्पीकर चालवणाऱ्या, झिजतात हे खरं, त्यांच्यातून करंट बराच वाहतो. पण प्रीॲम्पच्या बहुतेक ट्यूबमधून जेमतेम एक मिलिॲम्पिअर जातो. चांगली बनलेली १२एएक्स७, म्हणजे प्रीॲम्पची नेहमीची ट्यूब, हजारो तास सहज चालते. ती बिघडते तेव्हा बहुधा म्हातारपणाने नाही, तर आतले भाग सैल झाल्याने किंवा काचेतून हवा शिरल्याने. हवा शिरली की वरचा चंदेरी डाग पांढरा पडतो. इथे सहाही ट्यूबांचे डाग चकचकीत होते.

माझ्या मते प्रीॲम्प ट्यूब निवडताना कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी सॉकेट कोणतं, मग त्या सॉकेटात ट्यूब काय काम करते, मग तक्रार त्या कामाशी जुळते का, आणि हे सगळं झाल्यावर दुकानदाराला काय मागायचं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात प्रत्येक पायरीला उत्तर बदलत गेलं.

कोणती ट्यूब काय करते

या आखणीत इनपुट जॅककडून मोजलं तर पहिली ट्यूब, व्ही१, साध्या चॅनेलची. व्ही२ रिव्हर्बवाल्या चॅनेलची. दोन्ही १२एएक्स७, म्हणजे युरोपी नावाने ईसीसी८३. एका काचेत दोन स्वतंत्र ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे भाग, असतात, आणि या ॲम्पमध्ये एका चॅनेलच्या पहिल्या दोन स्टेज (वाढवण्याच्या पायऱ्या) एकाच ट्यूबमधून घेतलेल्या आहेत. पहिला अर्धा भाग, मग टोन आणि व्हॉल्यूमचे नॉब, मग दुसरा अर्धा भाग. हा तपशील पुढे फार कामाला येणार आहे.

व्ही३ ही १२एटी७, रिव्हर्बच्या स्प्रिंगा हलवणारी. तिचे दोन्ही भाग समांतर जोडलेले असतात आणि तिच्या प्लेटवर (वाढलेला सिग्नल जिथून बाहेर पडतो त्या भागावर) ४०० व्होल्टच्या वर दाब असतो. सहा जणींत सगळ्यात जास्त राबते ती हीच, म्हणून प्रीॲम्पमध्ये खरी झीज कुठे होत असेल तर इथे. व्ही४ पुन्हा १२एएक्स७: एक भाग स्प्रिंगांतून परत आलेला बारीक सिग्नल उचलतो, दुसरा भाग कोरडा सिग्नल आणि रिव्हर्ब एकत्र करून पुढे पाठवतो. व्ही५ ट्रेमोलोची. व्ही६ ही १२एटी७, फेज इन्व्हर्टर, जी दोन्ही पॉवर ट्यूबना उलटसुलट सिग्नल देते.

तेव्हा 'प्रीॲम्प ट्यूब' म्हणून सहा एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या असल्या, तरी गिटारचा नाजूक सिग्नल थेट ज्यांच्या ग्रिडवर (सिग्नल आत घेणाऱ्या जाळीवर) पडतो अशा फक्त दोन. व्ही१ आणि व्ही२ मधली खरखर किंवा हिस (सततचा 'स्सऽऽ') पुढच्या प्रत्येक स्टेजमध्ये वाढत जाते. व्ही६ मधली तेवढीच खरखर कुणाला ऐकूही येणार नाही. शांत, पारखून घेतलेल्या ट्यूबसाठी जास्त मोजायचेच असतील तर ते पहिल्या सॉकेटांसाठी मोजावेत. फेज इन्व्हर्टरला साठच्या दशकातली दुर्मीळ ट्यूब लावणं मला पटत नाही.

चरचर

आधी चरचर धरली, कारण ती सतत होती आणि सतत असलेला दोष शोधायला सोपा.

गिटार काढून ठेवली. दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर, रिव्हर्ब शून्यावर. चरचर तशीच. म्हणजे ती व्हॉल्यूमच्या नॉबच्या नंतर कुठेतरी जन्मत होती, कारण व्ही१ आणि व्ही२ च्या पहिल्या भागांतला आवाज शून्यावरच्या नॉबपाशी अडतो. रिव्हर्बच्या नॉबने फरक पडला नाही, म्हणजे व्ही४ चा सिग्नल उचलणारा भागही सुटला. उरले व्ही१ आणि व्ही२ चे दुसरे भाग, व्ही४ चा मिसळणारा भाग, व्ही६ आणि पॉवर ट्यूब.

ॲम्प बंद करून व्ही१ काढली, पुन्हा चालू केला: चरचर आहे. व्ही२ काढली: आहे. व्ही४ काढली: स्पीकर शांत.

इथे बहुतेक जण व्ही४ ला दोषी ठरवतात आणि नवी ट्यूब आणायला निघतात. पण ट्यूब काढली की तिच्या प्लेटला दाब पुरवणाऱ्या रेझिस्टरमधला करंटही थांबतो. म्हणजे ट्यूब काढल्यावर आलेली शांतता दोघांपैकी कुणालाही लागू होते, ट्यूबला आणि रेझिस्टरलाही. निवाडा करायला एकच मार्ग: त्याच सॉकेटात खात्रीची चांगली ट्यूब लावायची. माझ्याकडे चाचणीसाठी ठेवलेली शांत १२एएक्स७ लावली आणि चरचर परत आली. ट्यूब सुटली.

मग चॅसी, म्हणजे ॲम्पचा आतला धातूचा सांगाडा, उघडला. हे काम सवय नसलेल्याने करू नये. वीज बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब साठून राहू शकतो, तो आधी सावकाश उतरवून मीटरवर खात्री करावी लागते. सॉकेटच्या पिना साफ केल्या, फरक नाही. व्ही४ च्या मिसळणाऱ्या भागाच्या प्लेटवर १०० किलोओहमचा जुन्या धर्तीचा कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर होता. हे रेझिस्टर दिसायला देखणे आणि जुन्या ॲम्पना शोभणारे, पण वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाल्ली की त्यांच्यातून वाहणारा करंट थरथरतो, आणि प्लेटच्या जागी ती थरथर थेट सिग्नलमध्ये मिसळते. त्याऐवजी त्याच मूल्याचा एक वॉटचा मेटल फिल्म लावला. चरचर संपली.

यादीतली एक ट्यूब इथेच गळाली. व्ही४ ची जुनी ट्यूब परत तिच्या जागी गेली.

टिंग

टिंग हा मात्र खरोखर ट्यूबचा दोष होता. आतली ग्रिड किंवा तिचे आधार जरा सैल झाले की ट्यूब मायक्रोफोनसारखी वागते, म्हणून तिला मायक्रोफोनिक म्हणतात. कॉम्बोमध्ये ट्यूब स्पीकरच्या पेटीतच लटकतात. बारा इंची स्पीकर जाड तारेचा सूर वाजवतो, पेटी हादरते, ट्यूब हादरते, आणि ती हादर पुन्हा सिग्नल बनून स्पीकरमधून येते.

पेन्सिलीच्या मागच्या रबराने सगळ्या ट्यूबांवर हलक्या टिचक्या मारल्या. एक सावधगिरी: पहिल्या स्टेजच्या जवळजवळ सगळ्या ट्यूब टिचकीला थोडी 'ठक' देतात, कारण त्यांच्या पुढे गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, प्रचंड असतो. ठक आली म्हणून ट्यूब वाईट ठरत नाही. ठक झाल्यावर आवाज रेंगाळतोय का, घुमतोय का, ते ऐकायचं. व्ही२ रेंगाळत होती. खात्रीसाठी व्ही१ आणि व्ही२ ची अदलाबदल केली, आणि टिंग रिव्हर्बवाल्या चॅनेलमधून उठून साध्या चॅनेलमध्ये गेली. दोष ट्यूबबरोबर सॉकेट बदलतो, तेव्हा आणखी पुरावा लागत नाही.

"म्हणजे एक तरी घ्यायची ना?" त्याने विचारलं.

"थांब, पेटीतच एक असेल."

व्ही५ मध्येही १२एएक्स७ च असते. तिचा एक भाग संथ लाटा तयार करतो आणि दुसरा त्या लाटांनी एक छोटा निऑन दिवा चालवतो. दिव्यासमोर प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर असतो आणि तोच आवाज वरखाली करतो. गिटारचा सिग्नल व्ही५ मधून जातच नाही. म्हणून त्या जागी ट्यूब मायक्रोफोनिक असली, तिला हिस असली, तरी काही बिघडत नाही. तिथे एकच गुण लागतो, तो म्हणजे भरपूर गेन, नाहीतर लाटा सुरू होत नाहीत किंवा नॉब संथ गतीवर नेला की थांबतात. टिंग करणारी ट्यूब व्ही५ मध्ये लावली, ट्रेमोलो लगेच आणि पूर्ण खोलीने चालू झाला. व्ही५ मधली आधीची ट्यूब व्ही२ मध्ये लावून पाहिली तर शांत निघाली.

खरं तर इथे थांबता आलं असतं. दोन्ही दोष गेले होते आणि एकही ट्यूब विकत घेतलेली नव्हती.

पाचपर्यंत क्लीन

राहिली त्याची तिसरी गोष्ट, आणि हा दोष नव्हताच, ही इच्छा होती. इच्छेसाठी ट्यूब निवडताना जास्त काळजी घ्यावी लागते, कारण दोष गेला की नाही हे कळतं, पण इच्छा पुरी झाली की नाही यावर मन सहज फसतं.

त्याने वाचलं होतं की १२एएक्स७ च्या जागी ५७५१ लावली की गेन तीस टक्के उतरतो. हा आकडा येतो ट्यूबच्या वर्धनांकावरून, ज्याला म्यू म्हणतात. १२एएक्स७ चा म्यू १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४४, आणि १२एयू७ चा २० च्या आत. पण म्यू हा ट्यूबचा कमाल गुण झाला. सर्किटमध्ये प्रत्यक्ष मिळणारा गेन ट्यूबच्या आतल्या प्लेट रेझिस्टन्सवरही ठरतो, कारण तो आणि बाहेरचा १०० किलोओहमचा रेझिस्टर सिग्नल आपसांत वाटून घेतात. १२एएक्स७ चा आतला रेझिस्टन्स ६२ किलोओहमच्या आसपास, म्हणजे शंभरातून प्रत्यक्षात सुमारे ६१ पट हाती लागतात. ५७५१ चा ५८ च्या आसपास, तिचे सुमारे ४४ पट. १२एवाय७ चे साधारण ३५, १२एयू७ चे १५ च्या जवळपास. माझ्या मीटरवर सगळे आकडे याहून जरा कमी भरले, कारण टोनच्या नॉबांचं जाळंही प्लेटवर भार टाकतं, पण एकमेकींशी प्रमाण तेच राहिलं.

६१ वरून ४४ हा फरक डेसिबलमध्ये तीनहूनही किंचित कमी आहे. एकट्या स्टेजला तीन डेसिबल कानाला जेमतेम जाणवतात. मग ५७५१ ने एवढा फरक पडतो असं लोक का सांगतात? कारण या घडणीच्या ॲम्पमध्ये एक ट्यूब बदलली की एकाच चॅनेलच्या दोन स्टेज बदलतात. पहिल्या भागात तीन डेसिबल गेले, दुसऱ्या भागात आणखी तीन. मिळून सुमारे साडेपाच. १२एवाय७ लावली तर मिळून दहाच्या आसपास, आणि १२एयू७ लावली तर चोवीस, म्हणजे चॅनेलचा जीवच गेला. उलट ज्या ॲम्पमध्ये पहिल्या ट्यूबचा एक भाग एका चॅनेलला आणि दुसरा दुसऱ्याला दिलेला असतो, तिथे तीच ५७५१ लावली तर फरक एकदाच पडतो. एका ॲम्पमधला अनुभव दुसऱ्याला सांगताना हे सुटतं आणि मग 'मला तर काहीच फरक जाणवला नाही' असं ऐकायला मिळतं.

१२एटी७ हाही पर्याय पुष्कळ जण सुचवतात. मला ती गिटारच्या पहिल्या सॉकेटात आवडत नाही. ती मुळात जास्त करंटवर, उच्च वारंवारितेच्या कामासाठी घडवलेली ट्यूब. १२एएक्स७ च्या रेझिस्टरांवर तिला एक मिलिॲम्पिअरच्या आसपास चालवलं की ती आपल्या ताकदीच्या फार खाली राहते आणि आवाज मला कोरडा, कडक वाटतो. व्ही३ आणि व्ही६ मध्ये ती आहे कारण तिथे करंट द्यायचा आहे, आणि तिथे ती उत्तम आहे. व्ही६ मध्ये १२एएक्स७ लावणारेही भेटतात. त्याने पॉवर ट्यूबवर जोर वाढतो, म्हणजे इथे हवं त्याच्या उलट.

पण निवडीच्या आधी त्याला एक गोष्ट दाखवायची होती. ॲम्पला स्पीकरऐवजी डमी लोड (आवाज न करता ताकद झेलणारा रेझिस्टर) जोडला, ऑसिलोस्कोप (सिग्नलच्या लाटेचा आकार दाखवणारं यंत्र) लावला, आणि त्याच्या हंबकर पिकअपच्या गिटारइतका सिग्नल आत सोडला. व्हॉल्यूम तीनच्या किंचित पुढे गेल्यावर लाटेची टोकं चपटी झाली. ती चपटी होत होती ६व्ही६ पॉवर ट्यूबपाशी. व्ही२ च्या प्लेटवर त्याच क्षणी लाट अगदी गोल होती.

"म्हणजे व्ही२ फाटतच नाहीये?"

"नाही. ती फक्त पुढच्यांना फार लवकर भरतेय. तू तिचा गेन कमी केलास तर नॉब पाचवर जाईल, पण ॲम्प जेवढ्या मोठ्या आवाजाला फाटत होता तेवढ्यालाच फाटेल. वॉट वाढणार नाहीत."

तो थोडा हिरमुसला. पण हे न सांगता ट्यूब बदलून दिली असती तर पहिल्याच कार्यक्रमात त्याला वाटलं असतं की ट्यूब खोटी निघाली. प्रीॲम्पमधली कमी गेनची ट्यूब नॉबच्या फिरण्यात जागा करून देते. पूर्वी दोन आणि तीनच्या मधल्या इवल्याशा फटीत त्याला क्लीन आणि फाटका यांतला तोल सांभाळावा लागत होता. नॉबला बोट लागलं की आवाज उडायचा. ती जागा रुंद झाली तर वाजवणाऱ्याला खरंच फायदा होतो. फक्त क्लीन आवाज त्यामुळे मोठा होत नाही. हिसबद्दलही तेच: त्याच मोठेपणाला वाजवलं तर हिस तेवढीच ऐकू येते, कारण व्हॉल्यूम वाढवल्यावर पहिल्या स्टेजची हिस सिग्नलबरोबरच वाढते. नव्या ट्यूबने हिस कमी झाली तर ती ट्यूबच शांत आहे म्हणून, गेन कमी आहे म्हणून नाही.

हे समजल्यावरही त्याला ती जागा हवी होती. मग व्ही२ मध्ये तीन ट्यूब आलटूनपालटून लावल्या: व्ही५ मधून आलेली १२एएक्स७, एक ५७५१ आणि एक १२एवाय७. प्रत्येक वेळी मोठेपणा मीटरने सारखा केला. हे टाळलं तर जी ट्यूब मोठी वाजते तीच चांगली वाटते, कान तसेच बनलेले आहेत. आणि कोणती ट्यूब लावली आहे ते त्याला सांगितलं नाही.

मोठेपणा सारखा केल्यावर क्लीन आवाजात १२एएक्स७ आणि ५७५१ त्याला ओळखता येईनात. ५७५१ मध्ये मधला पट्टा जरा मोकळा आहे असं तो एकदा म्हणाला, पुढच्या फेरीत तेच १२एएक्स७ बद्दल म्हणाला. १२एवाय७ मात्र त्याने दरवेळी ओळखली. आवाज गोल, खालचे सूर भरलेले, पण त्याचा ओव्हरड्राइव्ह पेडल दाबला की ॲम्प पुढे सरकेना. त्याची सोलोची सगळी पद्धत पेडलने ॲम्पला ढकलण्यावर उभी आहे, आणि १२एवाय७ ने दहा डेसिबल कापल्यावर ढकलायला काही उरलं नाही. पेडल न वापरणाऱ्या, बोटांनी वाजवणाऱ्या माणसाला मी तीच लावून दिली असती. त्याच्यासाठी ५७५१ ठरली. नॉब साडेचार-पाचच्या आसपास स्थिरावला आणि पेडलचा धक्काही शिल्लक राहिला.

कोणती ५७५१

आता कुठे नावांची पाळी आली.

५७५१ हा नंबर साध्या रेडिओसाठी नव्हता. लष्करी आणि औद्योगिक उपकरणांसाठी, विमानातली थरथर सोसण्यासाठी घडवलेली १२एएक्स७ ची ही मजबूत बहीण. जुन्या अमेरिकन मालावर 'जॅन' अशी खूण असते, म्हणजे लष्कर आणि नौदलाच्या संयुक्त मानकांवर उतरलेला माल. कॉम्बोसाठी ती उपजतच योग्य, कारण हादर सोसणं हाच तिचा उद्देश होता. तिचा तापणारा तंतू ६.३ व्होल्टवर ३५० मिलिॲम्पिअर घेतो, १२एएक्स७ चा ३००. एका ट्यूबसाठी ५० मिलिॲम्पिअरचा जादा भार कुठल्याही धड ट्रान्सफॉर्मरला जड नाही.

त्याच्या यादीतल्या टेलिफुंकन आणि मुलार्डबद्दल. त्या ट्यूब चांगल्या होत्या, यात वाद नाही. टेलिफुंकनच्या बुडाच्या काचेत पिनांच्या मधोमध हिऱ्याच्या आकाराची खूण दाबलेली असते, आणि इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नच्या मुलार्डवर खाली बारीक कोरलेले कोड असतात. वरचं छापील नाव कुणीही छापू शकतं, काचेतली खूण बनवणं अवघड. पण खूण खरी असली म्हणून ट्यूब शांत असेलच असं नाही. साठ वर्षांत ती कुठे कुठे वाजली, पडली, पुन्हा डब्यात गेली, हे कुणाला माहीत नसतं. आणि टेस्टरवर 'शंभर टक्के' आलेली ट्यूबही मायक्रोफोनिक निघू शकते, कारण साधा टेस्टर ट्यूब किती करंट देते किंवा सिग्नल किती वाढवते एवढंच मोजतो, टिंग मोजत नाही. विकणाऱ्याने हिस आणि मायक्रोफोनीची वेगळी चाचणी केली आहे का, आणि ट्यूब टिंग करत असेल तर परत घेतो का, हे दोन प्रश्न मला नावापेक्षा महत्त्वाचे वाटतात.

नव्या मालाचंही तसंच. डब्यांवर नावं पुष्कळ दिसतात, पण कारखाने मोजकेच. सॉवटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल आणि आजच्या मुलार्ड, या सगळ्या नावांच्या ट्यूब रशियातल्या साराटोव्हच्या एकाच कारखान्यात बनतात. जेजेच्या ट्यूब स्लोव्हाकियातल्या चाद्त्सा इथे बनतात. उरलेल्या बहुतांश चीनच्या. २०२२ च्या मार्चमध्ये साराटोव्हची निर्यात अडली तेव्हा जगभरचा बाजार एकदम कोरडा झाला, तो याच कारणाने. 'आजची मुलार्ड' घेताना जुन्या इंग्रजी कारखान्याशी तिचा नावापुरताच संबंध आहे, हे माहीत असावं. ट्यूब म्हणून ती वाईट नाही.

साधी १२एएक्स७ निवडायची असती तर कॉम्बोसाठी मी आखूड प्लेटची घेतली असती, उदाहरणार्थ जेजेची ईसीसी८३एस. सॉवटेकच्या १२एएक्स७एलपीएससारख्या लांब प्लेटच्या ट्यूब आवाजाला सुरेख असतात, पण लांब प्लेट हादरायला सोपी, म्हणून त्या स्पीकरपासून वेगळ्या ठेवलेल्या हेडमध्ये शोभतात. आणखी एक जागा सांभाळावी लागते, पण ती या ॲम्पमध्ये नाही: कॅथोड फॉलोअर, म्हणजे सिग्नल प्लेटऐवजी कॅथोडवरून (तंतूने तापणाऱ्या भागावरून) बाहेर देणारी स्टेज. काही ॲम्पमध्ये टोनच्या नॉबांआधी ही स्टेज असते आणि तिच्या कॅथोडवर दीडशे व्होल्टच्या वर दाब असतो, तर तंतू आणि कॅथोडमध्ये १२एएक्स७ ला सोसणारी मर्यादा १८० ते २०० च्या घरात. तिथे तंतूचं इन्सुलेशन दणकट असलेलीच ट्यूब लावायची.

त्याने मधेच सोव्हिएत बनावटीच्या ६एन२पी बद्दलही विचारलं, कारण ती नऊ पिनांची आहे आणि म्यूही शंभराच्या जवळ. सॉकेटात ती बसते, पण तंतूची जोडणी वेगळी. १२एएक्स७ च्या सॉकेटात चौथी आणि पाचवी पिन एकत्र बांधलेली असते, आणि ६एन२पी चा तंतू नेमका त्या दोन पिनांच्या मध्ये आहे. तो पेटणारच नाही. ईसीसी८८ चंही तेच. पिना जुळल्या म्हणून ट्यूब जुळत नाही, आधी तंतूची जोडणी बघायची.

शेवटी एक जुनी जॅन खुणेची ५७५१ घेतली, हिस आणि मायक्रोफोनीसाठी तपासून, परतीच्या बोलीवर. व्ही२ मध्ये लावून तासभर तापू दिली, मग जाड तार, मग टिचक्या. शांत. प्लेटचा दाब आणि कॅथोडवरचा दीड व्होल्टच्या आसपासचा दाब दोन्ही तपासले, ठीक होते. प्रीॲम्पच्या ट्यूब कॅथोड बायसवर चालतात, म्हणजे आपला करंट आपणच सांभाळतात, त्यांना पॉवर ट्यूबसारखं बायस लावून द्यावं लागत नाही, पण ट्यूबचा प्रकार बदलला की एकदा मोजून बघितलेलं बरं.

अखेरची मांडणी अशी झाली. व्ही१ मध्ये तिचीच १२एएक्स७. व्ही२ मध्ये ५७५१. व्ही३, व्ही४ आणि व्ही६ जशाच्या तशा. व्ही५ मध्ये टिंग करणारी ट्यूब, ट्रेमोलोच्या कामाला. व्ही५ मधून निघालेली शांत १२एएक्स७ कापडात गुंडाळून पेटीच्या खणात, सुटी म्हणून. व्ही१, व्ही२, व्ही४ यांपैकी कुठलीही ट्यूब ऐन कार्यक्रमात गेली तर तीच उपयोगी पडेल. कोणत्या सॉकेटात काय आहे हे कागदावर लिहून पेटीच्या आत चिकटवलं, आणि व्ही५ समोर ठळक लिहिलं की ही ट्यूब पहिल्या सॉकेटांत लावू नये. रिव्हर्ब उद्या कमजोर वाटला तर आधी व्ही३ ची १२एटी७ बदलायची, हेही त्याला सांगून ठेवलं.

बँडमध्ये क्लीन आवाज मोठा हवा हे गाऱ्हाणं त्याचं अजून आहे. त्याचा सध्याचा स्पीकर एका वॉटला एका मीटरवर ९७ डेसिबलचा आहे. शंभर डेसिबलचा लावला तर त्याच २२ वॉटमध्ये ४४ वॉटच्या ॲम्पइतका आवाज मिळेल, आणि एकही ट्यूब हलवावी लागणार नाही. मित्राकडून तसा स्पीकर तो काही दिवसांसाठी आणतोय. ओहम जुळतात का ते आधी बघायला सांगितलंय.